शुद्धीची मोजपट्टी

शाळेच्या मैदानावर एक मूल पडते. डोक्याला मार लागतो. रक्त येत नाही, नुसता मुका मार. दहा मिनिटांनी कोणीतरी दवाखान्यात फोन लावून सांगते, “पोरगं गुंगीत आहे.” पलीकडच्या डॉक्टरांनी यावरून काय समजायचे? ते झोपाळले आहे? हाक मारली तर ओ देते? की चिमटा काढला तरी हलत नाही? तिन्ही अवस्थांना आपण बोलताना ‘गुंगी’ म्हणतो. पण पहिल्या मुलाला घरी पाठवून लक्ष ठेवता येईल, आणि तिसऱ्याला एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यायला हवे.

आपल्या भाषेत या अवस्थांसाठी शब्दांची कमतरता नाही. पेंग, सुस्ती, तंद्री, गुंगी, ग्लानी, घेरी, भोवळ, मूर्च्छा, बेशुद्धी. वर्गातल्या मुलांना हे शब्द कमी शुद्धीपासून जास्त शुद्धीपर्यंत ओळीने लावायला सांगा. दहा मुलांच्या दहा ओळी वेगळ्या येतील. शब्द भरपूर आहेत, पण त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या नाहीत. ज्याला पायऱ्या नाहीत त्याची मोजपट्टी होत नाही, आणि ज्याची मोजपट्टी नाही त्यात झालेला बदल एकाने दुसऱ्याला कळवता येत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगभरच्या डॉक्टरांचीही हीच अडचण होती. ‘स्टुपर’, ‘सेमीकोमा’, ‘ऑबटंडेड’ असे भारदस्त शब्द ते वापरत, पण एका रुग्णालयातला ‘सेमीकोमा’ दुसऱ्या रुग्णालयात ‘कोमा’ ठरे. रात्रपाळीच्या परिचारिकेने लिहिलेला शब्द सकाळच्या डॉक्टरला वेगळाच वाटे. आपल्या गुंगीची आणि त्यांच्या सेमीकोमाची गत एकच होती.

ग्लासगोची युक्ती

या घोळातून वाट काढली ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातील दोन मेंदू-शल्यविशारदांनी, ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी. 1974 च्या जुलैमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली कल्पना आज इतकी साधी वाटते की ती आधी कोणाला कशी सुचली नाही, याचेच नवल वाटावे.

त्यांनी ठरवले की रुग्णाची अवस्था ‘कशी वाटते’ ते लिहायचेच नाही. तो काय करतो तेवढेच पाहायचे, आणि तेही तीनच बाबतींत. डोळे कधी उघडतो? आपणहून, हाकेला, वेदनेला, की मुळीच नाही? काय बोलतो? नीट, गोंधळलेले, सुटे शब्द, नुसते आवाज, की काहीच नाही? हातपाय कसे हलवतो? सांगितले तसे, दुखवणारा हात बाजूला सारण्यासाठी, नुसता आकसून, ताठ करून, की अजिबात नाही?

पुढे या पायऱ्यांना गुण दिले गेले. डोळ्यांना 1 ते 4, बोलण्याला 1 ते 5, हालचालीला 1 ते 6. बेरीज जास्तीत जास्त 15 आणि कमीत कमी 3. इथे कोणालाच शून्य मिळत नाही. साधारणतः 8 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा, असे मानण्याचा प्रघात पडला.

मूळ निबंधात ही बेरीज नव्हती, आणि बेरजेत एक धोकाही आहे. एकाच बेरजेची दोन मुले अगदी वेगळ्या अवस्थेत असू शकतात. एक मूल डोळे मिटून असते पण सांगितलेली हालचाल करते. दुसरे डोळे उघडे ठेवते पण हालचाल बिघडलेली असते. गणितात दोन्ही सारखे, वैद्यकात नाहीत. म्हणून तिन्ही गुण वेगवेगळे कळवावेत असे सांगितले जाते. मार्कांच्या बेरजेवरून मुलाला काय येते आणि काय येत नाही हे कळत नाही, याचा अनुभव शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

या मोजपट्टीचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे ती वापरायला तज्ज्ञ लागत नाही. थोड्या सरावाने परिचारिका आणि नवखा डॉक्टर यांचे गुण बरेचसे जुळतात. विज्ञानात मोजमापाची ही पहिली कसोटी असते. कोणीही मोजले तरी उत्तर साधारण तेच यायला हवे.

बंद डबा

एकदा मोजून थांबायचे असते तर एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर कवटीच्या रचनेत आहे. स्कॉटलंडच्याच अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 मध्ये आणि जॉर्ज केली यांनी 1824 मध्ये एक विचार मांडला. मोठ्या माणसाची कवटी हा न ताणणारा बंद डबा आहे. त्यात मेंदू आणि रक्त असते. (त्यांच्याभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाची भर या विचारात नंतर पडली.) डब्यात आणखी काही शिरले, म्हणजे रक्त साकळले किंवा सूज आली, की दुसऱ्या कशाला तरी बाहेर जावेच लागते. सुरुवातीला द्रव आणि शिरांतले रक्त सरकून जागा करून देतात, त्यामुळे बाहेरून फारसे काही दिसत नाही. ही सोय संपली की मात्र दाब झपाट्याने चढतो.

कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. तिथे मार बसून ती फाटली तर मूल क्षणभर शुद्ध हरपून पुन्हा शुद्धीवर येऊ शकते, बोलते, पाणी मागते. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आत मात्र रक्त साचत असते. काही वेळाने, कधी काही तासांनी, मूल सुस्त होत जाते. दाबामुळे डोळ्याच्या बाहुलीला आकुंचन पावायला लावणारी नस चेपली, की सहसा त्याच बाजूची बाहुली मोठी होते आणि उजेडातही लहान होत नाही. ही उशिराची खूण आहे, तिची वाट पाहत बसायची नसते. 2018 मध्ये टीसडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोच्या बेरजेतून प्रतिसाद न देणाऱ्या बाहुल्यांची संख्या वजा करण्याची पद्धत सुचवली, ती या खुणेचे महत्त्व ओळखूनच.

म्हणून एका वेळच्या गुणांपेक्षा गुणांचा कल महत्त्वाचा ठरतो. तासाभरापूर्वी 15 आणि आता 13, ही नोंद सकाळपासून स्थिर असलेल्या 13 पेक्षा जास्त काळजीची. ग्लासगोची मोजपट्टी आली त्याच सुमारास सीटी स्कॅनही आले. इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे स्कॅन 1 ऑक्टोबर 1971 रोजी झाले. यंत्राने कवटीच्या आतले चित्र दाखवले, पण ते त्या क्षणाचे चित्र असते. पुढच्या दोन तासांत काय होते आहे, हे सांगायला शेजारी बसलेले माणूसच लागते.

30 सप्टेंबर 1993

आपल्या भागात हा प्रश्न एका रात्रीत हजारो घरांपुढे उभा राहिला. 1993 च्या गणेश विसर्जनानंतरची ती पहाट होती. 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता 6.2 होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे कोसळली आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी ही घरे. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. शिरूर अनंतपाळ तेव्हा स्वतंत्र तालुकाही झालेला नव्हता.

अशा वेळी ढिगाऱ्यातून निघालेल्या मुलांपैकी आधी कोणाला गाडीत घालायचे, हे कोणी ठरवायचे? मोठ्याने रडणारे मूल सगळ्यांचे लक्ष वेधून घेते. गप्प पडलेले मूल ‘झोपले आहे’ म्हणून बाजूला राहू शकते. धोका मात्र बहुधा गप्प मुलाला जास्त असतो. रडण्यासाठीही मेंदू जागा असावा लागतो. लातूर किंवा सोलापूरच्या रुग्णालयाचा रस्ता लांब असताना ही एक गोष्ट माहीत असणे फार मोलाचे ठरते.

अशा प्रसंगासाठी ग्लासगोपेक्षाही सोपी एक शिडी आहे. तिचा प्रसार अपघातग्रस्तांच्या उपचारांचे जे प्रशिक्षण जगभर दिले जाते, त्यातून झाला. त्या प्रशिक्षणाचे मूळही एका कुटुंबाच्या आपत्तीत आहे. फेब्रुवारी 1976 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून स्टायनर अस्वस्थ झाले. शेतात तुटपुंज्या साधनांनी आपण जे केले ते रुग्णालयात मिळालेल्यापेक्षा बरे असेल, तर व्यवस्थाच बदलायला हवी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यातून हा अभ्यासक्रम उभा राहिला आणि 1980 पासून अमेरिकन शल्यविशारदांच्या संस्थेने तो चालवायला घेतला.

त्या शिडीला चारच पायऱ्या आहेत. मूल पूर्ण जागे आहे. हाकेला प्रतिसाद देते. फक्त वेदनेला प्रतिसाद देते. कशालाच देत नाही. चौथ्या इयत्तेतला विद्यार्थीही हे लक्षात ठेवू शकेल.

बोलता न येणाऱ्याला किती गुण?

आता खरी अडचण. ग्लासगोची मोजपट्टी मोठ्या माणसांसाठी होती. तिच्यात पूर्ण गुण मिळवायचे तर आपण कोण, कुठे आहोत, आज कोणता महिना, हे सांगता यायला हवे. चार महिन्यांच्या धडधाकट बाळाला हे कसे येणार? या पट्टीने मोजले तर जगातली सगळी तान्ही बाळे आजारी ठरतील!

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातले सिम्पसन आणि रायली यांनी 1982 मध्ये यावर तोडगा काढला. ‘पूर्ण गुण’ ही कल्पनाच त्यांनी वयाप्रमाणे बदलली. त्यांच्या मोजपट्टीत कमाल गुण 14. पण सहा महिन्यांपर्यंतच्या निरोगी बाळाला 9 च अपेक्षित. सहा महिने ते एक वर्ष 11. एक ते दोन वर्षे 12. दोन ते पाच वर्षे 13. आणि पाच वर्षांपुढे 14. बाळ नुसते रडते, मग आवाज काढते, मग शब्द बोलते, मग स्थळकाळ सांगते, ही वाढीची क्रमवारी त्यात जशीच्या तशी उतरली आहे. प्रत्येक मुलाला त्याच्या वयाच्या मापाने मोजायचे, हे तत्त्व शिक्षणशास्त्रात आपण शिकतो. इथे ते जीव वाचवायला उपयोगी पडते.

दुसरे उत्तर आफ्रिकेतून आले. मलावी देशातल्या ब्लँटायर शहरात मेंदूज्वराच्या मलेरियाने बेशुद्ध झालेली 131 मुले तपासून मॉलिनो, टेलर आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये 0 ते 5 गुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत तीनच गोष्टी आहेत. मूल आईचा चेहरा नजरेने टिपते का, दुखले तर हात तिकडे नेते का, आणि रडणे नेहमीसारखे आहे की नुसते कण्हणे आहे. बोलता यायची अटच काढून टाकली.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. लातूर-नांदेड भागात मराठीबरोबर गोरमाटी, दखनी, कन्नड, तेलुगू बोलणारी घरे आहेत. तांड्यावरून आलेल्या चार वर्षांच्या मुलीला अनोळखी माणसाने मराठीत नाव विचारले आणि ती गप्प राहिली, तर तो मेंदूचा दोष की भाषेचा? ‘काय बोलते’ या रकान्यात खूण करण्याआधी तिच्या आईला तिच्या बोलीत तेच विचारायला सांगितले पाहिजे. मोजपट्टी कितीही चांगली असली तरी प्रश्न मुलाला कळला नसेल तर मोजमाप खोटे ठरते.

अगदी तान्ह्या बाळात एक खूण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, ती म्हणजे टाळू. बाळाच्या कवटीची हाडे पूर्ण जुळलेली नसतात, म्हणजे डब्याचे झाकण थोडे सैल असते. बाळ शांत, बसते धरलेले असताना टाळू फुगून ताठ लागली तर आत दाब वाढल्याची शंका घ्यावी. खोल गेली तर जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाल्याची. टाळूवर तेल घालणाऱ्या आजीचा हात रोज ही तपासणी करतच असतो.

गडचिरोलीच्या आरोग्यदूत

या इतिहासातला आपल्या मराठी मुलखातला अध्याय गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग 1995 पासून केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे प्रयोगशाळेशिवाय ओळखायचे कसे, हा प्रश्न होता. त्यांच्या खुणांच्या यादीत आधी चांगले रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे, आधी नीट दूध ओढणाऱ्याचे ओढणे मंदावणे, आणि आधी तरतरीत असलेले बाळ सुस्त पडणे, या गोष्टी होत्या. शास्त्रीय भाषेत या मज्जासंस्थेच्याच खुणा.

यातला ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाळ क्षीण रडते एवढे पुरत नाही. काल चांगले रडत होते आणि आज क्षीण रडते, हे हवे. ते सांगायला काल पाहिलेले माणूस लागते, आणि ते माणूस गावातच असते. नियंत्रण गावांच्या तुलनेत या गावांतला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला, असे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून आशाताईंच्या नवजात बाळांच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

वेग किती महत्त्वाचा, हे विदर्भातल्याच दुसऱ्या नावाने शिकवले. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा इथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. अनेक वर्षे तो फारसा घातक मानला जात नव्हता. 2003 मध्ये मात्र आंध्र प्रदेशात 329 मुले मेंदूज्वराने आजारी झाली आणि 183 दगावली. तेव्हा या विषाणूकडे बोट गेले. त्या वर्षी महाराष्ट्रातही मुले आजारी पडली, आणि 2024 मध्ये गुजरातेत पुन्हा साथ आली. ताप, उलटी, झटके आणि बेशुद्धी हा क्रम कधी कधी एका दिवसात पूर्ण होतो. त्यावर खास औषध नाही. झटके थांबवणे, श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळणे एवढेच हाती असते, आणि तेही मूल वेळेत पोचले तर.

आईचे म्हणणे

2009 मध्ये अमेरिकेतील 25 रुग्णालयांनी डोक्याला मार लागलेल्या 42 हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या मुलांना सीटी स्कॅनची गरज नाही, हे ठरवायचे होते. कारण स्कॅनमधले किरणोत्सर्जन मुलांना विनाकारण देऊ नये. दोन वर्षांखालील मुलांसाठी जे सहा मुद्दे निघाले, त्यांतला एक असा: पालकांच्या मते मूल नेहमीसारखे वागत आहे का? एवढी आकडेमोड केल्यावर “हा आज वेगळाच वागतोय” हे आईचे वाक्य वैज्ञानिक निकष म्हणून शिल्लक राहिले. आपण ते पुष्कळदा ‘बायकांची घाबरगुंडी’ म्हणून उडवून लावतो.

शाळेत दिवसाचे सहा तास मुलाला पाहणारे माणूस म्हणजे शिक्षक. कोणते मूल मुळात अबोल आणि कोणते बडबडे, हे डॉक्टरला माहीत नसते, शिक्षकाला असते. म्हणून मार लागलेल्या मुलाबद्दल ‘गुंगीत आहे’ असे न सांगता असे सांगावे: “10.20 ला पडला. 10.25 ला डोळे उघडे, नाव आणि वर्ग नीट सांगितला. 10.50 ला एकदा उलटी. 11.10 ला डोळे मिटून, हाक मारल्यावर उघडतो, पण वर्ग चुकीचा सांगतो.” चार ओळींची ही नोंद रुग्णवाहिकेबरोबर गेली तर लातूरच्या डॉक्टरला पहिला तास आयता मिळतो.

वाढती सुस्ती, पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, असंबद्ध बोलणे, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणे, कान-नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, यांतले काहीही दिसले तर थांबू नये. 108 ला फोन करावा. उंचावरून पडलेल्या मुलाची मान हलवू नये. झटका आला तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर ती आणीबाणी समजावी. ‘डोक्याला लागलेल्याला झोपू देऊ नका’ असे म्हणतात. खरा मुद्दा झोपेचा नाही, हाक मारल्यावर ते मूल नेहमीसारखे जागे होते की नाही, हा आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एका विद्यार्थ्याला झोपाळलेल्या, गोंधळलेल्या किंवा गाढ झोपलेल्या माणसाचा अभिनय करायला सांगा. अर्ध्या वर्गाने त्याचे वर्णन एका शब्दात लिहावे, उरलेल्यांनी वरच्या चार पायऱ्यांपैकी एक निवडावी. मग दोन्ही गटांतली उत्तरे फळ्यावर मांडा आणि कोणत्या गटाचे जास्त जुळते ते मोजा. दुसऱ्या प्रयोगात मुलांनी आरशासमोर उभे राहून मिनिटभर डोळे हातांनी झाकावेत आणि उजेडात एकदम उघडावेत. बाहुली लहान होताना स्वतःलाच दिसते. डोळ्यात विजेरी मारायची किंवा चिमटे काढायची गरज नाही.

मोजमाप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तराजू, घड्याळ, तापमापक येतो. शुद्धीच्या मोजपट्टीला असले कोणतेच साधन लागत नाही. काय पाहायचे ते ठरलेले असावे, ते कोणत्या शब्दांत सांगायचे ते ठरलेले असावे, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहणारे कोणीतरी जवळ असावे, एवढ्याच तिच्या अटी आहेत. शिरूर अनंतपाळच्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत या तिन्ही अटी आजच पुऱ्या होऊ शकतात.